स्पीच थेरपी लावताय? आधी कान, मग वही, मग थेरपिस्ट

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी मेसेज पडतो, "कोथरूड साइडला चांगला स्पीच थेरपिस्ट सुचवा, मुलगा अडीच वर्षांचा आहे, अजून बोलत नाही." खाली पाच-सहा नंबर येतात, आईबाबा त्यातला जवळचा उचलतात, आणि तीन महिन्यांनी तीच आई लिफ्टमध्ये भेटली की म्हणते, काहीच फरक नाही गं. मी पण हेच केलेलं. एका सेंटरला सेशनचं पॅकेज आगाऊ भरलं, आठ महिने आठवड्यातून दोनदा रिक्षाने नेलं-आणलं, आणि त्या आठ महिन्यांत कुणी विचारलं नाही की कान तपासलेत का. मला पण सुचलं नाही. नंतर कळलं की दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलेलं, म्हणजे पोरगा सगळं बोलणं पाण्याखालून ऐकावं तसं ऐकत होता आणि आम्ही त्याला फ्लॅशकार्ड दाखवत बसलो होतो.

म्हणून क्रमाने लिहितेय. मुख्यतः उशिरा बोलणाऱ्या लहान मुलांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. शेवटी पॅरालिसिसनंतर बोलणं गेलेल्या मोठ्या माणसांबद्दल पण आहे, आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळी ते पण करावं लागलं.

टप्पा १ : अडचण नक्की कुठे आहे ते ओळखा

"बोलत नाही" या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी भरलेल्या असतात.

एक म्हणजे उच्चार. पोरगं "काका"ला "ताता" म्हणतं, "राम"ला "लाम", पण दिवसभर बडबड चालू असते, गोष्टी सांगतं, भांडतं. दुसरी भाषा, म्हणजे शब्दच कमी आहेत, किंवा शब्द आहेत पण जोडता येत नाहीत, किंवा आपण सांगितलेलं कळतच नाही. तिसरी म्हणजे संवाद, आणि ही घरच्यांना सगळ्यात उशिरा दिसते. ए टू झेड येतं, रंग येतात, शंभरपर्यंत आकडे येतात, पण तहान लागली की आईचा हात धरून माठापाशी ओढत नेतं, "पाणी" म्हणत नाही, आईकडे बघत पण नाही. पाहुण्यांसमोर आपण ए टू झेड म्हणायला लावतो आणि सगळे म्हणतात किती हुशार आहे. हुशार असेलच, पण तो शब्द वापरून कुणाकडून काही मागत नाहीये, कुणाला काही सांगत नाहीये, आणि थेरपीचं निम्मं काम तिथेच असतं.

ह्याशिवाय अडखळणं आणि आवाजाच्या तक्रारी, म्हणजे शिक्षकांचा नाहीतर गाणाऱ्यांचा घसा सारखा बसणं, हे पण स्पीच थेरपिस्टचंच काम आहे, आणि गिळायला त्रास होतो तेही. बऱ्याच लोकांना हे शेवटचं माहीत नसतं.

टप्पा २ : थांबायचं की नाही

आजी म्हणणार, "ह्याचा बाप पण चार वर्षांचा झाल्यावर बोलला." असेल बोलला. पण काही खुणा दिसल्या तर वाट बघू नका :

- १२ महिने झाले तरी बडबड नाही, टाटा नाही, हात वर करून "घे" असं दाखवणं नाही.
- १६ महिने झाले, एकही शब्द नाही.
- दीड वर्षाचं झालं तरी लांबच्या वस्तूकडे बोट दाखवून तुमच्याकडे बघत नाही. "तो बघ कावळा" असं न बोलता सांगणं हे शब्दांच्या आधी यायला लागतं.
- दोन वर्षं झाली आणि स्वतःहून दोन शब्द जोडत नाही ("बाबा ये", "दूध नको").
- आलेले शब्द गेले. हे कुठल्याही वयात झालं तर त्याच आठवड्यात पीडियाट्रिशियनकडे.

दोन वर्षांच्या आसपास साधारण ५० शब्द असतात असं धरतात. परक्या माणसाला मुलाचं बोलणं किती कळतं त्याचा पण ढोबळ हिशोब आहे, दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं, तीन वर्षांच्याचं पाऊण, चार वर्षांच्याचं जवळजवळ सगळं. आईला कळतं हा पुरावा धरू नका, आईला सगळंच कळतं.

सावधान : वेखंड उगाळून चाटवणं, जिभेला मध लावणं ह्यात महिने घालवू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध द्यायचाच नाही, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि "जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या" असं कुणी म्हटलं तर आधी नीट तपासून घ्या. चिकटलेल्या जिभेने एखाददुसरा उच्चार अडू शकतो, पण त्यामुळे मूल शब्दच बोलत नाही असं सहसा होत नाही.

टप्पा ३ : कान. ह्याच्या आधी काही नाही

मूल ऐकूनच शिकतं, तर ऐकू किती येतं हे माहीत नसताना थेरपी चालू करणं म्हणजे नळाला पाणी आहे का न बघता बादली लावणं. सगळ्यांचं एकच उत्तर असतं, "अहो ऐकू येतं त्याला, मिरवणुकीत ढोल वाजला की दचकतो." ढोल छातीत वाजतो हो, तो कानाने ऐकला की अंगाने हेच कळत नाही. स, श, फ हे आवाज बारीक आणि उंच पट्टीचे असतात, ते हुकले तरी मूल दाराच्या आवाजाला वळतं, ताट पडलं की रडतं, आणि तरीसुद्धा बोलणं त्याला अर्धवटच पोचतं.

ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणाऱ्याकडे, कुठल्या तपासण्या होतात ते माहीत असू द्या, म्हणजे तिथे गोंधळायला होणार नाही.

ओएई ही झटपट तपासणी, कानात छोटी कळी घालतात. नवजात बाळांची करतात तीच. ही पास झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही, कारण ही कानाच्या आतल्या पेशींपर्यंतच बघते, पुढे मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं सांगत नाही. आणि जन्मतः पास झालेलं मूल नंतर सर्दी-कानदुखीने कमी ऐकायला लागू शकतं.

बेरा ही नसेची तपासणी. डोक्याला इलेक्ट्रोड लावतात, मूल झोपलेलं लागतं. टिम्पॅनोमेट्री म्हणजे पडद्यामागे पाणी आहे का ते, एक-दोन मिनिटांचं काम, आमचं गाडं कुठे अडलंय ते इथेच सापडलं. आणि साधारण अडीच-तीन वर्षांपुढच्या मुलांची खेळातून तपासणी होते, आवाज आला की ठोकळा डब्यात टाक वगैरे.

*बेराची तयारी.* इथेच निम्मे लोक परत येतात. आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, आणि सेंटरला जाताना गाडीत झोपू देऊ नका. आम्ही पहिल्यांदा हडपसरहून येताना स्वारगेटपर्यंत पोरगा गाढ झोपला आणि मशीनसमोर टक्क जागा, अपॉइंटमेंट गेली. तेल लावून नेऊ नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. झोपेचं औषध तिथे डॉक्टर ठरवून देतात, घरून काही पाजून नेऊ नका, आणि त्याआधी किती वेळ खायला द्यायचं नाही हे फोनवर विचारून घ्या.

सर्दी असेल तर लपवू नका, सांगा. कानात मळ असेल तर आधी ईएनटीकडून काढून घ्यायला लागतो, घरी पिन-काडी घालायची नाही. सरकारी सोय हवी असेल तर ससूनची ईएनटी ओपीडी आहे, आणि सरकारी नाही पण धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजी आणि स्पीचचं कॉलेज आहे, तिथे शिकणारी मुलं असतात पण वर शिक्षक बघतात.

तपासा : हातात छापील रिपोर्ट आहे का, दोन्ही कानांचा वेगळा आहे का, आणि "नॉर्मल" असं तोंडी सांगितलं असेल तर लिहून घेतलंय का. हे नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ४ : सात दिवसांची वही

ही पायरी फुकट आहे म्हणून कुणी करत नाही.

एक साधी वही घ्या आणि आठवडाभर मुलाचे शब्द लिहा. शब्द कशाला म्हणायचं ते आधी ठरवा, नाहीतर बाबांच्या यादीत ८० आणि आईच्या यादीत १२ असं होतं (आमच्याकडे भांडण झालेलं ह्यावरून). नियम सोपा आहे, मूल स्वतःहून, त्याच वस्तूला किंवा कामाला, दरवेळी तसंच म्हणत असेल तर तो शब्द. म्हणून "मंमं", "भूभू", "हम्मा", "भूर", "चिऊ" हे सगळे शब्द धरायचे, अगदी "पाणी"ला "पा" म्हणत असेल तर तोही. पण "म्हण आई, म्हण आई" म्हटल्यावर आलेलं "आई" धरायचं नाही, ती नक्कल झाली. मोबाईलवरच्या कवितेच्या ओळी पण वेगळ्या पानावर.

दुसऱ्या पानावर मूल काय मागतं आणि कसं मागतं ते : हात ओढून, रडून, बोट दाखवून, बघून, शब्दाने. "नको" कसं सांगतं ते पण, मान हलवतं की वस्तू फेकतं की नुसतं निघून जातं.

तिसऱ्या पानावर कळतं काय ते लिहा, पण इशारा न करता. आपण "चप्पल आण" म्हणताना डोळ्यांनी चपलेकडे बघतो, हाताने दाखवतो, आणि मग म्हणतो सगळं कळतं त्याला. हात मागे बांधून, भिंतीकडे बघत सांगून बघा. निकाल पुष्कळदा वेगळा लागतो.

आणि दोन-तीन मिनिटांचे चार व्हिडिओ काढा : जेवताना, खेळताना, दुसऱ्या मुलाबरोबर, आणि एक जेव्हा त्याला काहीतरी हवंय तेव्हाचा. मूल थेरपिस्टकडे पहिल्या दिवशी कोपऱ्यात जाऊन बसतं, तेव्हा हे व्हिडिओच बोलतात.

घरात कोण कुठली भाषा बोलतं ते पण लिहा. इथे एक गैरसमज पक्का बसलाय की दोन-तीन भाषांनी मूल गोंधळतं म्हणून मराठी बंद करा आणि शाळेची इंग्लिश चालू करा. दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबत नाही. ज्या भाषेत तुम्ही चिडता, लाड करता, ओरडता तीच मुलाशी बोला. आजी-आजोबांचं मोडकं इंग्लिश ऐकून पोराला काय मिळणार.

टप्पा ५ : थेरपिस्ट निवडणं

आता नंबर शोधा. बघायचं काय तर डिग्री, बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी (ऑडिओलॉजी आणि स्पीचची बॅचलर्स नाहीतर मास्टर्स), आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा म्हणजे आरसीआयचा नोंदणी नंबर. नंबर विचारायला लाजू नका, चांगला थेरपिस्ट लगेच सांगतो. डिप्लोमावाले पण असतात, ते मदतनीस म्हणून ठीक, पण तपासणी आणि प्लॅन डिग्रीवाल्याने केलेला हवा. "आठवडाभराचा कोर्स केलाय, सगळ्या थेरप्या देतो" अशा ठिकाणाहून नमस्कार करून निघा.

फोनवर तीन प्रश्न विचारा. सेशनमध्ये मला आत बसू देणार का? घरी काय करायचं ते लिहून देणार का? तीन महिन्यांनी परत मोजणी होते का? पहिल्याला "पालक बाहेर" हे उत्तर आलं की मी तरी पुढे जात नाही. काही वेळा मूल आईला चिकटतं म्हणून थोडा वेळ बाहेर ठेवतात, ते समजू शकतं, पण कायम बाहेर म्हणजे घरी काय करायचं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

सावधान : "तीन महिन्यांत बोलायला लावतो" अशी गॅरंटी, वीस-तीस सेशनचे पैसे आगाऊ, आणि तोंडाचे व्यायाम म्हणून फक्त शिट्टी फुंकणं, मेणबत्ती विझवणं, स्ट्रॉ. मेणबत्ती विझवून मेणबत्ती विझवता येते, "क" येत नाही.

अंतराचा विचार करा. वाकडहून सिंहगड रोडला संध्याकाळी सहाला जायचं म्हणजे मूल पोचेपर्यंत भुकेलं, झोपाळलेलं, आणि ४५ मिनिटांतली ३० रडण्यात. घराजवळचा बऱ्यापैकी थेरपिस्ट लांबच्या नावाजलेल्यापेक्षा कधी कधी जास्त कामाचा ठरतो. सकाळची वेळ मिळाली तर सोडू नका.

टप्पा ६ : पहिली भेट आणि ध्येय लिहून घेणं

बरोबर न्या : कानाचा रिपोर्ट, वही, व्हिडिओ, जन्माच्या वेळची फाइल (एनआयसीयू, कावीळ, वजन), आणि मुलाचं एक आवडतं खेळणं. पोट भरलेलं असू द्या पण चॉकलेट-बिस्किट हातात देऊ नका, बक्षीस म्हणून लागेल.

तपासणी झाली की थेरपिस्ट ध्येयं सांगेल. "भाषा सुधारणे" हे ध्येय नाही, ते कुणालाच मोजता येत नाही. ध्येय असं हवं : दोन वस्तू समोर धरल्या की दहापैकी आठ वेळा बोट दाखवून किंवा आवाज काढून एक मागेल. नुसतं वाचून तुम्हाला घरी मोजता आलं पाहिजे.

थेरपिस्टने डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे (मुलांची वाढ-विकास बघणारे डॉक्टर) जायला सांगितलं तर घाबरून थेरपिस्ट बदलू नका. नावाने हाक मारल्यावर न बघणं, बोट न दाखवणं, एकच खेळ तासन्‌तास, हे दिसलं की ऑटिझमसाठी बघून घ्यायला सांगतातच. त्या अपॉइंटमेंटची वाट बघताना थेरपी मात्र थांबवायची नाही, दोन्ही बरोबर चालतं.

टप्पा ७ : घर. खरी थेरपी इथे आहे

आठवड्याला दोन सेशन म्हणजे दीड तास. मूल जागं असतं रोज बारा-तेरा तास. हिशोब तुम्हीच करा. थेरपिस्ट तुम्हाला शिकवायला आहे, मुलाला "दुरुस्त करून" परत द्यायला नाही, हे मला कळायला दुसरं वर्ष उजाडावं लागलं.

क्रम असा आहे आणि तो उलटा करू नका : आधी एकत्र लक्ष, मग पाळी-पाळीने खेळणं, मग कृतीची नक्कल, मग हातवारे, मग आवाज, मग शब्द, मग दोन शब्द. आपण सगळे थेट शब्दांवर उडी मारतो. चेंडू तू टाक-मी टाक होत नसेल तर "म्हण बॉल" चा उपयोग शून्य.

*खाली बसा.* मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत तुमचं तोंड आलं पाहिजे. सोफ्यावरून दिलेल्या सूचना पंख्याच्या आवाजासारख्या असतात. टीव्ही बंद, कुणी बघत नसेल तरी बंद.

*परीक्षा घेणं थांबवा.* "हे काय आहे? हा कुठला रंग? हम्मा कशी करते?" दिवसभर हेच. मुलाला आपण शाळेच्या इन्स्पेक्टरसारखे वाटत असणार. एक प्रश्न विचारलात तर तीन वाक्यं नुसती सांगा : "गाडी आली. गाडी लाल. गाडी गेली भुर्र." छोटी, हळू, त्याच वस्तूबद्दल जिच्याकडे ते बघतंय, तुम्हाला जिच्याबद्दल शिकवायचंय तिच्याबद्दल नाही.

*नावं कमी, क्रियापदं जास्त.* हत्ती, जिराफ, झेब्रा शिकवायची काय घाई आहे, कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात वर्षातून एकदा जातो आपण. "दे" मात्र दिवसातून पन्नास वेळा लागतं. मराठीचं एक बरंय, सगळ्यात कामाचे शब्द एकेका अक्षराचे आहेत, दे, घे, ये, जा. त्यांच्यापासून सुरू करा, मग नको, अजून, उघड, झालं, बस, चल.

*गरज निर्माण करा.* आपण इतके तत्पर असतो की मुलाला बोलायची वेळच येत नाही, नुसतं "ऊं" केलं की दूध हजर. बिस्किटं पारदर्शक घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पूर्ण पोळी न देता एक तुकडा द्या आणि थांबा. पाणी मागितलं की रिकामा पेला द्या आणि भाबडा चेहरा करा. फुग्यात हवा भरून तोंड धरून ठेवा. मुलाला रडवायचं नाही, दोन-तीन सेकंद अडवायचं, काही आवाज किंवा हातवारा आला की लगेच द्यायचं आणि शब्द आपण म्हणायचा.

*थांबा.* बोलून झालं की मनात दहा मोजा. हे सगळ्यात अवघड आहे, मला तीनच्या पुढे जमायचं नाही. आजी असेल तर तिला तर अजिबात जमत नाही, ती मुलाच्या वतीने बोलून मोकळी होते. पण उशिरा बोलणाऱ्या मुलाला शब्द गोळा करायला वेळ लागतो आणि आपण तो मध्येच खातो.

*एक पायरी वर.* मूल म्हणालं "गाडी", तर तुम्ही "लाल गाडी" किंवा "गाडी गेली". मूल नुसतं बोट दाखवतंय तर तुम्ही एकच शब्द. सात शब्दांचं वाक्य टाकू नका.

*दोनातलं एक.* "काय हवंय?" ऐवजी "दूध की पाणी?", दोन्ही हातात धरून. उत्तर म्हणून नजर आली तरी सुरुवातीला चालेल.

सामान विकत घ्यायचं झालं तर महागडी किट नकोत. तुळशीबागेतली भातुकली आणा, चूल, पातेलं, पोळपाट. "घाल, ढवळ, गरम, फू फू, खा, संपलं" एवढी भाषा त्या एका डब्यात आहे. चित्रांची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात मिळतात, पण वाचू नका, चित्रावर बोट ठेवून बोला आणि पान मुलाला उलटू द्या. भाजी निवडताना मटार सोलायला बसवा. सारसबागेत गेलात तर मोबाईल घरी.

मोबाईलवरून आठवलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. जेवताना मोबाईल हा पुण्यातल्या घराघरातला वांधा आहे, आमच्याकडे पण होता. एका दिवसात बंद केला तर मूल चार-पाच दिवस नीट जेवत नाही आणि घरात युद्ध होतं, म्हणून एक जेवण निवडा, सकाळचं, आणि तेवढंच आधी सोडवा.

तपासा, दर रविवारी : आठवड्यात नवीन काय स्वतःहून आलं? शब्द नसेल तर नवीन हातवारा, नवीन नजर, नवीन "नको"? वहीत तारीख घालून लिहा. काहीच नाही असे सलग सहा-आठ रविवार गेले तर थेरपिस्टला वही दाखवा.

सावधान : चित्रं किंवा खाणाखुणा वापरल्या तर मूल आळशी होईल, बोलणारच नाही, असं घरचे म्हणतील. तसं होत नाही, उलट मागता येतं हे कळल्यावर चिडचिड कमी होते आणि शब्दांना वाट मिळते. थेरपिस्टने चित्रांची वही सुचवली तर घ्या.

टप्पा ८ : फक्त उच्चार बोबडे असतील तर

हे वेगळं काम आहे आणि थोडक्यात आटपतं. "क-ग" साधारण चार वर्षांपर्यंत जमतात, "र" त्याहून उशिरा, त्यामुळे तीन वर्षांच्या पोराला "लाम नाही, रर्राम म्हण" करत बसू नका. थेरपीत आधी तो आवाज ऐकून ओळखायला शिकवतात, मग सुटा आवाज, मग का-की-कू, मग शब्द, मग वाक्य, मग गप्पा. घरी तुमचं काम एवढंच की मूल म्हणालं "ताता आला" तर "हो, काका आला!" म्हणून पुढे जा. परत म्हणायला लावू नका. बोबडं बोलणं गोड वाटतं म्हणून आपण पण तसंच बोलतो, ते मात्र बंद.

टप्पा ९ : अडखळत असेल तर

दोन ते पाच वर्षांत बऱ्याच मुलांना हे होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. पण सहा महिन्यांच्या वर टिकलं, घरात कुणाचं टिकलेलं असेल, किंवा बोलताना डोळे मिटणं, मान झटकणं, बोलणं टाळणं दिसलं तर दाखवा. "हळू बोल, श्वास घे, नीट विचार कर" ही वाक्यं घरातून हद्दपार करा, त्याने मुलाला फक्त एवढंच कळतं की आपल्या बोलण्यात काहीतरी चुकतंय. तुम्ही स्वतः सावकाश बोला, वाक्य तोडू नका, तोंडातला शब्द पुरा करून देऊ नका. आणि पाहुण्यांसमोर श्लोक म्हणून दाखवायला लावू नका.

टप्पा १० : पॅरालिसिसनंतर बोलणं गेलं तर

सासऱ्यांना उजव्या बाजूचा झटका आला, म्हणजे मेंदूची डावी बाजू, बहुतेकांची भाषा तिथेच असते. पहिल्या दिवसापासून घरी सगळे एकच विचारत होते, बोलतील का. पण क्रम इथे पण वेगळा आहे.

पहिलं गिळणं. तोंडाने पाणी द्यायच्या आधी गिळण्याची तपासणी झाली का विचारा. पाणी पिताना ठसका, नंतर आवाज घोगरा-ओला येणं, म्हणजे अन्न-पाणी श्वासनलिकेत जात असू शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. नातेवाईक प्रेमाने चमच्याने नारळपाणी पाजतात, तिथेच घोळ होतो. पातळ पाणी घट्ट पेजेपेक्षा अवघड जातं हे कुणाला पटत नाही.

दुसरं, चष्मा, कवळी, कानाचं मशीन. आमच्याकडे चष्मा आठ दिवस घरच्या ड्रॉवरमध्ये होता आणि आम्ही त्यांना चित्रं दाखवत होतो.

तिसरं, खरा "हो-नाही" कोणता ते शोधा. ते सगळ्यालाच मान हलवत असतील तर त्यावर विश्वास ठेवू नका. ज्यांची उत्तरं पक्की माहीत आहेत असे प्रश्न विचारा, "तुमचं नाव अमुक का?", एकदा खरं, एकदा खोटं, आणि बघा.

मग थेरपी, आणि लवकर, कारण पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते, नंतर पण होत राहते. बुद्धी शाबूत असते, शब्द सापडत नाहीत, म्हणून लहान मुलाशी बोलतो तसं "बाबा मम्मं खाणार?" करू नका, माणूस अपमानाने गप्प होतो. एका वेळी एकच जण बोला. एक ते दहा आकडे, वार, रोजची आरती हे कधी कधी अख्खं बाहेर पडतं आणि स्वतःचं नाव येत नाही, ह्यात नाटक नाही, पाठ असलेलं बोलणं वेगळ्या वाटेने येतं. त्याने आशा वाटते तेवढी ठेवा, पण "आरती येते तर बोलत का नाही" असं त्यांच्यावर ओरडू नका. मी ओरडलेय.

टप्पा ११ : मोजणी, कागद, आणि थेरपी कमी करणं

दर तीन महिन्यांनी लेखी रिव्ह्यू मागा, जुनी ध्येयं समोर ठेवून. ध्येय गाठलं असेल तर नवीन, नसेल तर पद्धत बदला. सहा महिने तेच ध्येय, तीच फ्लॅशकार्डं, आणि "धीर धरा" एवढंच उत्तर असेल तर दुसरं मत घ्या. मात्र महिन्यातच थेरपिस्ट बदलत राहिलात तर मूल दरवेळी नवीन माणसाशी ओळख करण्यातच दमतं.

गणपतीचे दहा दिवस, दिवाळी, मे महिना ह्यात सेशन तुटतात. ते आधी सांगा आणि त्या दिवसांचा घरचा प्लॅन लिहून घ्या. पाहुण्यांनी भरलेलं घर म्हणजे सरावाला उलट बरं, प्रसाद वाटायला मुलाला उभं करा, "घे" शब्दाला ह्यापेक्षा चांगला दिवस नाही.

ज्यांचं निदान पुढे ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असं येतं त्यांनी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना बघा, त्यात थेरपीसकट वर्षाला एक लाखापर्यंतचं कव्हर असतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये बोलण्याची आणि भाषेची अक्षमता पण २१ प्रकारांत धरलेली आहे.

थेरपी एकदम बंद करत नाहीत, आठवड्याची पंधरवड्यावर, मग महिन्यावर आणतात. शाळेतल्या बाईंना एकदा थेरपिस्टशी फोनवर बोलायला लावा, वर्गात मागच्या बाकावर बसवलं तर कानाचं सगळं काम पाण्यात जातं. आणि फाइल टाकू नका. आमच्या पोराला पहिलीत गेल्यावर परत सर्दी लागली, बाईंनी सांगितलं लक्ष देत नाही, मी दुसऱ्या दिवशी जुना टिम्पॅनोमेट्रीचा कागद घेऊन सरळ ईएनटीच्या रांगेत जाऊन बसले.